पुढची डिस्क घासतेय : डिस्क बेंड आहे की कॅलिपरची लाइन गेली?

मुलुंड_पश्चिम
नमस्कार मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे.
गाडी १५० सीसी, पुढे डिस्क, सिंगल चॅनल एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा). पावसाळ्याच्या तोंडावर पुढचा टायर बदलून घेतला आणि तेव्हापासून पुढच्या चाकातून सर्रर्र असा आवाज येतो. ब्रेकला हात न लावतासुद्धा. एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमधून घरी आलो की डिस्क एवढी तापलेली असते की जवळ हात नेववत नाही.
गॅरेजवाल्याने चाक एकदा गरकन फिरवलं आणि निकाल दिला, "डिस्क बेंड आहे, पॅडसकट बदला." आकडा ऐकून मी "बघतो" म्हणून काढता पाय घेतला. दुसरा म्हणाला, कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याच्या) बोल्टखाली एकेक वायसर टाकतो, लाइनमध्ये येईल.
डिस्क वाकलीय की कॅलिपर आणि डिस्कची लाइन चुकलीय, हे घरच्या घरी ओळखता येतं का? माझ्याकडे बिल्डिंगचं पार्किंग, पान्यांचा सेट आणि टॉर्च एवढंच भांडवल आहे.

अर्धाक्लच
टायर बदलायच्या आधी आवाज नव्हता ना? मग डिस्क काय टायरच्या दुकानात बसल्या बसल्या वाकली? 😄

लोकलवाला_डोंबिवली
म्हणून मी ८.१४ ने जातो. तिथे फक्त माणसं घासतात.

जुना_पाना
आधी आवाज नीट ऐका, पाना नंतर उचला. गाडी डबल स्टँडवर लावा, मागच्या टोकावर कुणाला तरी बसवा, पुढचं चाक उचललं जाईल. हाताने सावकाश फिरवा. एका फेऱ्यात एकदाच 'सर्र' होऊन मध्ये शांत झालं, तर डिस्क आउट, म्हणजे वाकडी, असण्याची शक्यता आहे. आवाज पूर्ण फेरा सारखाच येत असेल तर डिस्कला उगाच बदनाम करू नका. तिच्या आजूबाजूचं काहीतरी सरकलंय किंवा अडकलंय.
मग टॉर्च घ्या आणि समोरून डोळा डिस्कच्या रेषेत आणा. पॅड बघू नका, ब्रॅकेट बघा. ब्रॅकेट म्हणजे कॅलिपरचा शॉकअपला (पुढचं चाक धरणाऱ्या सस्पेन्शनला) दोन बोल्टने धरलेला भाग, जो हलत नाही. त्याच्या खाचेतून डिस्क जाते. दोन्ही बाजूंना साधारण सारखी फट दिसते का ते सांगा. पॅड कॅलिपरबरोबर सरकतात, त्यामुळे ते फसवतात.

मुलुंड_पश्चिम
काका, आवाज सलगच आहे. मध्ये थांबत नाही. फट उद्या उजेडात बघतो.

स्पॅनर_दादर
एक फेरा, एक आवाज हे ठीक, पण त्याआधी चाकाचं बेअरिंग बघा. टायर वर आणि खाली धरून हलवा. खटखट खेळ जाणवला तर बेअरिंग गेलं, आणि मग डिस्क कितीही सरळ असली तरी ती डुलणारच.
डिस्क किती वाकलीय ते मोजायचं असेल तर खरं काम डायल गेजचं (बारीक फरक काट्यावर दाखवणारं मापक). बऱ्याच मॅन्युअलमध्ये ०.३ मिमीपर्यंत आउट चालतं असं लिहिलेलं असतं, काहींत त्याहून कमी. गेज नसेल तर केबल टाय शॉकअपच्या नळीला घट्ट आवळा, त्याचं कापलेलं टोक डिस्कच्या पृष्ठभागापासून केसभर अंतरावर आणा आणि चाक फिरवा. फट कमीजास्त होताना डोळ्याला स्पष्ट दिसते. शून्य रुपयांचा गेज.

रेनकोट_आणि_मी
माझा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहिते. वर्सोव्याला राहते, गाडी उघड्यावर असते. मलाही असाच सलग आवाज यायचा आणि मलाही डिस्क बदला असंच सांगितलं गेलं. शेवटी भावाने कॅलिपर उतरवला. ज्या दोन पिनांवर कॅलिपर सरकतो त्यातली एक जागची हलेना. रबरी बूट फाटलेला, आत खारं पाणी गेलेलं, ग्रीसचा तपकिरी चिकटा होऊन सुकलेला. पिन पिळून पिळून बाहेर काढावी लागली. आतला पॅड पत्र्यापर्यंत आलेला आणि बाहेरचा जवळजवळ नवा. एवढं बघितल्यावर कळलं की डिस्कचा काही संबंधच नाही.
पिना साफ केल्या, सिलिकॉन ग्रीस लावलं, बूट बदलले. झालं.

अर्धाक्लच
@रेनकोट_आणि_मी, साधं बेअरिंगचं ग्रीस नाही चालत? घरी डबा पडलाय.

रेनकोट_आणि_मी
नाही हो. पेट्रोलियमचं ग्रीस लागलं की रबर फुगतं. फुगलं की पिन पुन्हा अडकली. सिलिकॉनचं छोटं पाऊच मिळतं, तेच घ्या.

घाटवेडा
मी थोडं उलट बोलतो. डिस्क ब्रेकमध्ये हलकं घासणं हे नॉर्मल आहे. ड्रमसारखी शू मागे ओढणारी स्प्रिंग इथे नसते. पॅड दाबणाऱ्या पिस्टनभोवतीचं चौकोनी काटछेदाचं रबरी सील दाबाने किंचित पिळतं आणि लिव्हर सोडल्यावर परत सरळ होताना पिस्टनला केसभर मागे खेचतं. तेवढीच मोकळीक. त्यामुळे पॅड डिस्कला चाटत राहतातच. नवीन टायरनंतर माणूस कान देऊन ऐकायला लागतो आणि आयुष्यभर असलेला आवाज त्याला नवीन वाटतो.

जुना_पाना
@घाटवेडा, चाटणं आणि घासणं यात फरक आहे. हाताने जोर देऊन फिरवलेलं चाक दोन-तीन फेरे तरी मोकळं फिरलं पाहिजे. आणि त्यांची डिस्क ब्रेक न मारता तापतेय. ते नॉर्मल नाही.

घाटवेडा
तापण्याचं वाचलं नव्हतं, मान्य. पण एलबीएस रोडला ब्रेक न मारता कोण गाडी चालवतो ते मला दाखवा. 🙂

चाळकरी
तापण्यावरून आठवलं. लिव्हर कंपनीचीच आहे का? आफ्टरमार्केट शॉर्ट लिव्हर बसवली की कधी कधी तिची टोकं मास्टर सिलिंडरचा (लिव्हरजवळ ब्रेक ऑइल दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन जरासा दाबूनच ठेवतात. मग ऑइल परत यायचं बारीक छिद्र उघडंच राहत नाही. ऑइल तापून फुगतं, जायला जागा नाही, ब्रेक हळूहळू स्वतःच लागतो. माझ्या मित्राचा जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर) पवईच्या चढाला असाच जाम झाला होता. लिव्हरला सुरुवातीला किंचित मोकळा खेळ हवाच.

मुलुंड_पश्चिम
लिव्हर ओरिजिनल आहे. खेळही आहे.

स्पॅनर_दादर
आता त्या वायसरबद्दल. जिथे पिस्टन एकाच बाजूला असतो तो फ्लोटिंग कॅलिपर. तुमच्या १५० वर तोच असणार. पिस्टन स्वतःच्या बाजूचा पॅड डिस्कवर दाबतो, त्याच्या प्रतिक्रियेने अख्खा कॅलिपर पिनांवर सरकतो आणि समोरचा पॅड ओढून आणतो. म्हणजे तो आपला मध्य आपण शोधतो. त्याला वायसर टाकून लाइनमध्ये आणायची गरजच नसते. वायसर टाकला तर फक्त ब्रॅकेट सरकेल आणि मूळ गडबड झाकली जाईल.
फिक्स्ड कॅलिपरची गोष्ट वेगळी. ड्यूक ३९० च्या पुढे बायब्रेचा चार पिस्टनचा आहे तसा. बायब्रे हा ब्रेम्बोचाच छोट्या गाड्यांसाठीचा ब्रँड. त्यात पिस्टन दोन्हीकडे असतात आणि कॅलिपर सरकत नाही, त्यामुळे डिस्क बरोबर मध्यात असावी लागते. एका गाडीचा कॅलिपर दुसरीला बसवणारे लोक तिथे मोजून शिम (ठरावीक जाडीच्या पातळ चकत्या) टाकतात. मोजून, हं. डब्यातला गंजका वायसर नव्हे.

जुगाडसम्राट
मी टाकलाय वायसर. अजून जिवंत आहे.

जुना_पाना
बोल्टने किती आटे पकडलेत ते बघितलं का कधी? वायसर जेवढा जाड तेवढे आटे कमी. कॅलिपरचे बोल्ट ही प्रयोगाची जागा नाही.

जुगाडसम्राट
काका, आज संध्याकाळी उघडून बघतो. घाबरवलंत.

माहीम_कॉजवे
डिस्क ठोकून सरळ करून देणारेसुद्धा आहेत. सीएसटी रोडच्या आसपास विचारा, कुणी प्रेसवर दाबून देईल, कुणी लेथवर घासून देईल. स्वस्तात काम.

स्पॅनर_दादर
लेथवर घासून घ्याल, पण डिस्कवर कडेला 'मिनिमम थिकनेस' कोरलेला असतो तो आधी वाचा. समजा त्यावर ३.५ मिमी असेल आणि डिस्क आत्ताच ३.६ वर असेल, तर लेथवाला काय सोलणार? पातळ डिस्क लवकर तापते आणि परत वाकते. आणि प्रेसवर सरळ केलेली डिस्क खंडाळ्याच्या उतारावर तापल्यावर कुठे जाईल याची गॅरंटी तो देणार आहे का?

लोकलवाला_डोंबिवली
गॅरंटी? तो म्हणेल "दुकान असेपर्यंत".

घाटवेडा
खंडाळ्याचं निघालंच म्हणून. एक्स्प्रेसवेवर आपल्याला बंदी, त्यामुळे जुन्या हायवेनेच उतरावं लागतं. तिथे लोक टॉपमध्ये गाडी सोडून नुसत्या पुढच्या ब्रेकवर उतरतात आणि खोपोलीला येऊन म्हणतात डिस्क निळी पडली. अरे, गिअर कशाला दिलेत? त्यात ब्रेक ऑइल वर्षानुवर्षं तेच. डॉट ४ प्रकारचं ऑइल नवीन असताना किमान २३० अंशाला उकळतं, पण ते हवेतली ओल पितं. ओल पुरेशी शिरली की १५५ च्या आसपास उकळायला लागतं. मुंबईच्या हवेत दोन वर्षांच्या पुढे ठेवू नका.

चाळकरी
आणि डॉट ५ जास्त भारी असेल म्हणून ओतू नका कुणी. ते सिलिकॉनचं असतं, ३ आणि ४ मध्ये मिसळत नाही. ५.१ वेगळं.

माहीम_कॉजवे
धागा मुलुंडहून निघून खोपोलीला पोचला. धागाकर्ते कुठे आहेत?

मुलुंड_पश्चिम
आहे, आहे. आज सोसायटीच्या वॉचमनकाकांना मागच्या सीटवर बसवून तपासणी केली.
१. बेअरिंगला खेळ नाही.
२. केबल टायचा प्रयोग केला. फट पूर्ण फेरा सारखीच राहते. म्हणजे डिस्क सरळ आहे!
३. ब्रॅकेटची फट. बाहेरच्या, म्हणजे शॉकअपच्या बाजूला चांगली तीन-चार मिमी दिसते. आतल्या, चाकाच्या बाजूला जवळजवळ नाहीच. ब्रॅकेटच्या आतल्या काठावर काळा रंग उडून कमानीसारखी चकचकीत रेघ उमटलीय. नखाने लागते.
म्हणजे पॅड नाही, डिस्क थेट ब्रॅकेटलाच घासतेय ना?

जुना_पाना
बरोब्बर. अख्खं चाक शॉकअपपासून आत सरकलेलं आहे, त्याच्याबरोबर डिस्कही. एक विचारतो, एबीएसचा दिवा कधी लागतो का?

मुलुंड_पश्चिम
लागतो! टायर बदलल्यापासून दोनदा चालत्या गाडीत लागला होता. गाडी बंद करून चालू केली की जातो. पावसामुळे असेल म्हणून सोडून दिलं. त्याचा काय संबंध?

जुना_पाना
सेन्सर शॉकअपच्या बाजूला घट्ट बसवलेला असतो आणि दातेरी रिंग चाकाबरोबर फिरते. दोघांतली फट अगदी ठरलेली. चाक आत गेलं की रिंग सेन्सरपासून लांब जाते, सिग्नल तुटतो, दिवा लागतो. दोन्ही लक्षणं एकाच दिशेला बोट दाखवतायत.
आता एक्सल काढून चाकाच्या दोन्ही बाजूंच्या कॉलर (एक्सलवर बसणाऱ्या, अंतर राखणाऱ्या छोट्या नळ्या) बघा. एक आखूड, एक लांब असते. बऱ्याच गाड्यांत दोन्हींचा आतला-बाहेरचा व्यास सारखाच असतो, त्यामुळे उलट्या बसवल्या तरी गपचूप बसतात. माझा अंदाज, टायरवाल्याने अदलाबदल केली. मॅन्युअलमधलं चित्र किंवा तशीच दुसरी गाडी समोर ठेवून पडताळा, माझ्या शब्दावर जाऊ नका.
चाक बाहेर असताना ब्रेक लिव्हर चुकूनही दाबायची नाही. पॅडच्या मध्ये जाड पुठ्ठा घालून ठेवा.

अर्धाक्लच
जुन्या केबलच्या मीटरवाल्या गाड्यांत मीटरच्या गिअरचंही हेच होतं. त्याचे कान हबच्या खाचेत बसले नाहीत आणि तसाच एक्सल आवळला, की चाक बाजूला सरकतं आणि गिअरचे कानही तुटतात. बोनस म्हणजे मीटर बंद.

स्पॅनर_दादर
आणि परत बसवताना क्रम पाळा, कारण नव्वद टक्के गॅरेजमध्ये इथेच घाई होते. शॉकअपच्या खालच्या टोकाला एक्सल आवळणारा पिंच बोल्ट असेल तर तो आधी सैल. एक्सल आणि नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला. मग गाडी स्टँडवरून खाली घ्या, पुढचा ब्रेक धरून हँडलवर जोर देऊन शॉकअप चार-पाच वेळा दाबा. शॉकअपचा पाय एक्सलवर आपली नैसर्गिक जागा घेतो. आणि मगच पिंच बोल्ट आवळा. पिंच बोल्ट आधी आवळला तर तो पाय तिरका अडकून राहतो, कॅलिपर त्याच्याबरोबर तिरका, आणि शॉकअपही जड चालतो. हा प्रकार डिस्क बेंड म्हणून खपवलेला मी बघितलाय.

रेनकोट_आणि_मी
उघडताच आहात तर पिना पण बघून घ्या. एवढे दिवस कॅलिपर एका टोकाला सरकून चाललाय.

जुगाडसम्राट
अपडेट : माझे वायसर काढले. बोल्टचे मोजून पाच आटे पकडत होते. काका, नमस्कार स्वीकारावा. आता डिस्क घासतेय, त्यासाठी वेगळा धागा काढतो.

जुना_पाना
वेगळा कशाला, हाच वरून परत वाचा.

मुलुंड_पश्चिम
झालं!
कॉलर उलट्याच होत्या. बाजूच्या विंगमध्ये सेम मॉडेल आहे, त्या दादांची गाडी शेजारी लावून खात्री केली. डिस्कच्या बाजूला आखूड हवी होती, तिथे लांब घातलेली. बदलल्यावर ब्रॅकेटमध्ये दोन्हीकडे सारखी फट. पिंच बोल्ट स्पॅनरभाऊंनी सांगितल्या क्रमाने. टॉर्क रेंच त्या दादांकडूनच उधार.
पिना कोरड्या निघाल्या, अडकलेल्या नव्हत्या. साफ करून सिलिकॉन ग्रीस लावलं. पॅड तपासले तर एका टोकाला थोडे जास्त झिजलेत, पाचरीसारखे. बदलावे लागतील का? चाक आता हाताने मोकळं फिरतं, एबीएसचा दिवाही अजून लागलेला नाही.

स्पॅनर_दादर
जाडी शिल्लक असेल आणि फरक थोडा असेल तर चालवा, पुढच्या सर्व्हिसला बदला. सुरुवातीला जोरात ब्रेक मारू नका, पॅडचा पूर्ण चेहरा डिस्कवर बसू द्या. ब्रॅकेटची घासलेली कड बोटाने चाचपा. नुसता रंग गेला असेल तर ठीक, खड्डा पडला असेल तर ब्रॅकेट बदला. आणि डिस्क ब्रेक क्लीनरने पुसून घ्या, ग्रीसचा हात कुठेतरी लागलेला असतोच. चेनचा स्प्रे मात्र डिस्कच्या आसपासही नको.

अर्धाक्लच
टायरवाल्याकडे परत जाणार का?

मुलुंड_पश्चिम
गेलो होतो. म्हणाला, "आमच्याकडून असं होतच नाही." मग पुढच्या गिऱ्हाईकाच्या कॉलर काढून शेजारी शेजारी ठेवताना मात्र दिसला. 😄

चेंबूर_नाका
उशिरा आलो. माझं मागच्या चाकाचं हेच रडगाणं आहे, फक्त चेन टाइट केल्यावर सुरू होतं. मागे डिस्कच आहे. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवल्यात तरी घासते. कॉलर तर हलवलेल्याच नाहीत.

जुना_पाना
खुणांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, त्या दोन्हीकडे तंतोतंत असतीलच असं नाही. स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) चासीला जोडणाऱ्या बोल्टच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्हीकडे दोरीने मोजा. फरक निघाला तर चाक तिरकं आहे, मग डिस्कही कॅलिपरमध्ये तिरकीच शिरणार.
आणि मागच्या कॅलिपरचा ब्रॅकेट स्विंगआर्मवरच्या खाचेत किंवा उंचवट्यावर नीट बसलाय का ते बघा. चेन ताणताना चाक मागे जातं, ब्रॅकेट पण त्याच्याबरोबर सरकायला हवा. तिथे माती साचून घट्ट झाली असेल तर तो तिरका होऊन अडकतो. एक्सलचा नट आवळताना मागचा ब्रेक दाबून धरा.

चेंबूर_नाका
त्या खाचेत माती नाही, सिमेंट आहे म्हणा. मेट्रोच्या कामाखालून रोज जातो. रविवारी खरवडून सांगतो.